गुडघा निखळला, धमनी फाटली, आणि हाताशी फक्त जनरल सर्जन: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका रात्रीचं प्रकरण

हे प्रकरण जनरल सर्जरीच्या निवासी डॉक्टरांना शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. रुग्ण कुणी एक खराखुरा माणूस नाही, आणि रुग्णालयांना मुद्दाम नावं दिलेली नाहीत. रस्ते, पाऊस आणि घड्याळ मात्र गोव्याचंच.

काय घडलं

जूनचा दुसरा आठवडा. सत्तरी तालुक्यातला २७ वर्षांचा तरुण, वजन ६८ किलो, घरची काजू-केळ्यांची बागायत सांभाळणारा. संध्याकाळी ६.४० ला वळणावर त्याची मोटरसायकल समोरून येणाऱ्या पिकअपवर गेली आणि उजवा गुडघा सरळ बंपरवर आपटला. डोक्याला मार नाही, शुद्ध हरपली नाही, पोट मऊ. लोकांनी उचलून दुसऱ्या गाडीत घालताना गुडघ्यात 'कट' असा आवाज झाला आणि पाय सरळ दिसू लागला. हा आवाज पुढे कुणाच्याच केसपेपरवर आला नाही. खरं तर निखळलेला गुडघा आपसूक जागेवर बसला होता, आणि निदानाची निम्मी किल्ली त्यातच होती.

७.२५ ला तालुक्याचं आरोग्यकेंद्र. एक्स-रेत हाड मोडलेलं नाही. गुडघा सुजलेला. नोंद अशी: 'पल्स फीबल, पाय कोमट, लिगामेंट इंजुरीची शक्यता, स्लॅब दिला, ऑर्थोकडे रेफर.' स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, मांडीपासून बोटांपर्यंत, वर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळलेलं. वाटेत साखळीच्या अलीकडे झाड आडवं पडलेलं, तिथे पंचवीस मिनिटं गेली. नातेवाईकांनी खासगी गाडी वळवून ८.३५ ला त्याला ३० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात आणलं. तिथले ऑर्थोचे (हाडांचे) डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात. तो दिवस त्यांचा नव्हता. हजर होते ते जनरल सर्जन. रोजचं काम अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय आणि मधुमेही पायांची ड्रेसिंगं.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती स्लॅब कापण्याची. पाऊल पांढुरकं, संगमरवरासारखं. बोटं हलत नाहीत. अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात टाचणी टोचली तरी कळत नाही. ८ मेगाहर्ट्झचा छोटा डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र) पावलाच्या वर आणि घोट्याच्या मागे धरला: आवाज नाही. दंडाचा वरचा दाब १२४, घोट्याचा मोजण्याजोगाच नाही.

'फीबल' या शब्दाबद्दल

गुडघा निखळलेल्या रुग्णात नाडी 'फीबल' अशी नोंद असू नये. आहे, नाही, किंवा डॉपलरला अमुक आकडा, एवढंच लिहावं. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं की धमनीला इजा आहे असं धरून पुढचं काम सुरू करायचं. तरुण माणसाच्या गुडघ्याभोवतीच्या बारीक फांद्यांतून थोडं रक्त उतरतं, त्यामुळे पाऊल तासभर कोमट राहू शकतं. बोटाचं नख दाबून सोडल्यावर गुलाबी होतं, आणि तपासणारा फसतो.

ही धमनी इतक्या सहज का फाटते याचं कारण शरीररचनेत आहे. गुडघ्यामागची पॉप्लिटियल धमनी वर मांडीच्या स्नायूतल्या भोकाशी आणि खाली पोटरीतल्या सोलियस स्नायूच्या कमानीशी बांधलेली असते. मधला भाग सैल, दोन्ही टोकं पक्की. टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, मागे ढकलली गेली की ती दोन खुंट्यांमधल्या दोरीसारखी ताणली जाते. बाहेरचं आवरण टिकतं, आतलं अस्तर फाटून गुंडाळतं आणि त्यावर गुठळी बसते. म्हणूनच वरून ना रक्तस्राव, ना मोठी जखम.

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जखमींच्या नोंदी डीबेकी आणि सिमियोन यांनी १९४६ साली मांडल्या. त्यात पॉप्लिटियल धमनीला इजा झालेल्या जवानांपैकी ७२.५ टक्क्यांचा पाय कापावा लागला होता; तेव्हा फाटलेली धमनी बहुतेक वेळा बांधूनच टाकत. ही धमनी बांधणं हा पर्याय नाही, हे तेव्हापासूनच ठरलेलं आहे.

फोनवरची चार मिनिटं

८.५२ ला सर्जननी वरच्या रुग्णालयातल्या व्हॅस्क्युलर सर्जनना (रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांना) फोन लावला. त्या ओटीत (शस्त्रक्रियागृहात) होत्या, फोन सिस्टरने कानाला धरला.

"मॅडम, उजवा गुडघा डिसलोकेट होऊन बसलाय. डॉपलरला काही नाही, बोटं हलत नाहीत, बेचक्यातली संवेदना गेलीय. इंजुरी सहा-चाळीसची."

"माझ्यासमोर फुटलेली महाधमनी आहे, साडेअकराच्या आत मोकळी होणार नाही. तुमच्याकडे भूलतज्ज्ञ आहेत?"

"वीस मिनिटांत येतायत."

"मग शंट टाका, फॅसिओटॉमी करा आणि पाठवा. अँजिओ नको. ग्राफ्टच्या नादी लागू नका."

शंट म्हणजे धमनीच्या दोन टोकांत तात्पुरती बसवलेली नळी. फॅसिओटॉमी म्हणजे फुगणाऱ्या स्नायूंवरचा दाब काढायला त्यांचे कप्पे चिरून उघडणं. अँजिओ म्हणजे रंगद्रव्य सोडून काढलेलं धमन्यांचं चित्र, आणि ग्राफ्ट म्हणजे फाटलेल्या भागाच्या जागी दुसरीकडची शीर जोडणं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ग्राफ्टचा मोह होतो. पण आधी हा हिशेब बघा. तसंच पाठवलं असतं तर पावसात रुग्णवाहिका यायला आणि पोचायला मिळून सव्वा तास, म्हणजे १०.१०. कॅज्युअल्टी, पुन्हा एक्स-रे, सीटी अँजिओ, ओटी मोकळी होण्याची वाट: चीर पडायला १२.१५. रक्त सुरू व्हायला रात्रीचा १. म्हणजे ६ तास २० मिनिटं, तीही सगळं सुरळीत झालं तर. मज्जातंतू आणि स्नायू उबदार अवस्थेत रक्ताविना सुमारे सहा तासांच्या पुढे सावरत नाहीत. मज्जातंतूंचं नुकसान त्याच्याही आधी सुरू होतं. इथेच शंट टाकला तर १०.१५ च्या सुमाराला रक्त सुरू, साडेतीन तासांच्या आसपास.

अँजिओ का नको? नाडी नाही आणि पाऊल निर्जीव पडत चाललंय, अशी ठळक चिन्हं असली की इजा कुठे आहे हे गुडघाच सांगतो. अँजिओने तास जातो, नवीन माहिती जवळपास काही मिळत नाही. एकाच पायात दोन-तीन ठिकाणी फ्रॅक्चर असेल तर गोष्ट वेगळी.

शंट

सेफाझोलिन २ ग्रॅम, धनुर्वाताची लस, लघवीची नळी. डोक्याला इजा नाही म्हणून हेपरिन ५००० युनिट शिरेतून. दोन्ही पाय रंगवून झाकले. दुसरा पाय मोकळा ठेवायचा असतो, कारण पुढे ग्राफ्टसाठी सॅफेनस ही वरवरची शीर तिथूनच घेतली जाते. इजा झालेल्या पायाची खोल शीर फाटली असेल तर त्याच पायाची वरवरची शीर हा परतीचा उरलेला रस्ता असतो, तो कापायचा नाही.

चीर आतल्या बाजूने. गुडघ्याच्या वर सार्टोरियस या मांडीच्या स्नायूच्या पुढच्या कडेने, खाली टिबियाच्या मागच्या कडेपासून एक सेंटिमीटर मागे. वर आणि खाली धमनी हाताशी घेऊन मगच मधल्या भागाकडे वळायचं. इथे घाई केली की शिरेला भोक पडतं. या रुग्णात शिरेला आधीच दीड सेंटिमीटरची चीर होती. ती ६-० प्रोलीनच्या दोऱ्याने बाजूने शिवली. शीर बांधली असती तर पोटरी अजून फुगली असती.

धमनीचा फाटलेला भाग कापून दोन्ही टोकं अस्तर निरोगी दिसेपर्यंत छाटली. ४ नंबरचा फोगार्टी कॅथेटर (गुठळी ओढून काढायची, टोकाला फुगा असलेली नळी) वर, ३ नंबरचा खाली. फुग्यात ४ नंबरला जास्तीत जास्त ०.७५ मिली, ३ नंबरला ०.२ मिली. मोठ्या सिरिंजने फुगवला की अस्तर सोलून निघतं. म्हणून १ मिलीची सिरिंज, आणि ओढताना फुगा थोडा थोडा सोडत आणायचा. खालून सहा सेंटिमीटर लांब गुठळी आली आणि मागोमाग गडद रक्त. मग ५०० मिली सलाइनमध्ये ५००० युनिट हेपरिन, त्यातलं २० मिली खाली सोडलं.

ओटीत तयार शंट नव्हता. सर्जननी आधी ८ फ्रेंचची फीडिंग ट्यूब घेतली. डॉपलरला आवाज आला, पण खरखरीत आणि कमी. फ्रेंच भागिले तीन म्हणजे मिलिमीटर: ८ फ्रेंच म्हणजे २.७ मिमी. तरुण पुरुषाची ही धमनी सहा-सात मिमीची. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. ती काढून १२ फ्रेंच, म्हणजे ४ मिमीचा निर्जंतुक सक्शन कॅथेटर घेतला. बाहेरच्या मापावर हिशेब केला तरी प्रवाह जवळपास पाचपट. टोकाचा छिद्रांचा भाग कापून टाकला, कापलेल्या कडा कात्रीने गोल केल्या. लांबी १२ सेंटिमीटर: तीन वरच्या टोकात, तीन खालच्या टोकात, मधला सहाचा पूल. आधी खालचं टोक घालायचं, मागून येणाऱ्या रक्ताने नळीतली हवा बाहेर काढायची, मग वरचं. दोन्हीकडे २-० सिल्कची गाठ, आणि नळीच्या मध्यावर एक जास्तीचा दोरा. नळी सरकलीय का हे त्या दोऱ्यावरून कळतं.

१०.१८ ला रक्त सुरू झालं. पावलाचा रंग तिसऱ्या मिनिटाला बदलला.

सक्शन कॅथेटर धमनीत घातला म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांनी धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. टोंगावकर आठवावेत. हर्नियासाठी त्यांनी मच्छरदाणीचं कापड जाळी म्हणून वापरलं आणि २००३ साली अनेक केंद्रांचा अनुभव छापला. पुढे युगांडातल्या ३०२ पुरुषांवरच्या चाचणीत, २०१६ साली, मच्छरदाणीची जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. साधन स्वस्त असणं वेगळं आणि काम हलगर्जीपणाचं असणं वेगळं.

चूक इथे झाली

आता फॅसिओटॉमी. पोटरी चार कप्प्यांची, प्रत्येक कप्प्यातले स्नायू घट्ट पडद्यात गुंडाळलेले. दोन चिरा लागतात. बाहेरची, फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या) दोन सेंटिमीटर पुढे: तिच्यातून पुढचा आणि बाजूचा असे दोन कप्पे, मधला पडदा ओळखून दोन्हीकडे स्वतंत्र कापायचे. आतली, टिबियाच्या मागच्या कडेपासून दोन सेंटिमीटर मागे: तिच्यातून मागचा वरवरचा आणि मागचा खोल. बाहेरच्या चिरेच्या खालच्या तिसऱ्या भागात वरवरची पेरोनियल नस आडवी येते, तिथे कात्री आंधळेपणाने सरकवायची नाही.

या रुग्णात बाहेरची चीर १० सेंटिमीटरची पडली. १५ ते २० हवी. रक्त सुरू झाल्यावर स्नायू फुगतो आणि आखूड चिरेत कातडीच आवळपट्टी बनते. दुसरं अधिक गंभीर. आतल्या चिरेतून वरवरचा कप्पा उघडला, स्नायू बाहेर फुगून आला, आणि काम झालं असं वाटलं. खोल कप्पा बंदच राहिला. तो उघडायचा तर सोलियस टिबियापासून सोडवावा लागतो. त्याशिवाय त्याचं दर्शनही होत नाही. अभ्यासांत सर्वाधिक वेळा चुकणारे कप्पे हेच दोन: पुढचा आणि मागचा खोल.

हे अज्ञान नव्हतं, सवय सुटली होती. चार कप्पे परीक्षेत कुणीही सांगतो. दहा वर्षं पित्ताशय काढणाऱ्या हाताला सोलियस सोडवायची आठवण नसते.

रवानगी

गुडघा १५ अंश वाकवून मागून स्लॅब, पाऊल उघडं. डॉपलर लागतो त्या जागी पेनने फुली. मांडीभोवती सैल टूर्निके (रक्त थांबवायचा पट्टा), आवळायचा नाही. शंट सुटलाच तर हाताशी असावा एवढ्यासाठी. पोटॅशियम आधी ४.१, आता ५.४. लघवी चहाच्या रंगाची, म्हणून सलाइन वाढवून ताशी १०० ते २०० मिली लघवीचं लक्ष्य. ईसीजीत टी-लाट उंच होऊ लागली तर १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, भरलेली सिरिंज सोबत. ११.२५ ला रुग्णवाहिका निघाली, भूलतज्ज्ञ आत. चिठ्ठीत पहिल्या ओळीत, ठळक: 'शंट आहे, १२ फ्रेंच, रक्त सुरू १०.१८.' कुणीतरी ड्रेसिंग बदलताना नळी ओढून काढल्याची उदाहरणं आहेत.

१२.३० ला पोचला. क्रम असा झाला: आधी ऑर्थोने गुडघ्यावरून एक्स्टर्नल फिक्सेटर (बाहेरून पिनांनी हाडं धरणारी चौकट) लावला, पिना चिरेपासून लांब ठेवून, मग डाव्या पायाची सॅफेनस शीर उलटी करून ग्राफ्ट. शंटमुळे कुणालाच धावपळ करावी लागली नाही. व्हॅस्क्युलर सर्जननी चिरा वाढवल्या आणि १ वाजता खोल कप्पा उघडला. त्यातला स्नायू काळपट होता, पण चिमट्याने दाबल्यावर आकुंचन पावत होता. ४८ तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हा पुढच्या कप्प्यातला मेलेला स्नायू मुठीएवढा काढावा लागला. सातव्या दिवशी त्वचारोपण.

उपशाखा कुणाच्या खर्चाने वाढतात

व्हॅस्क्युलर सर्जन नसत्या तर हा पाय गेला असता. एमबीबीएस, तीन वर्षांचं एमएस आणि वर तीन वर्षांचं एमसीएच (उपशाखेची पदवी) केलेला हात लागलाच. पण व्हॅस्क्युलर सर्जन 'असणं' म्हणजे काय, याचा हिशेब कुणी करत नाही. आठवड्याचे तास १६८. एका माणसाची ड्यूटी ४८ तास धरली तर साडेतीन माणसं लागतात, रजा धरून चार. त्याहून कमी असतील तर फलकावर विभाग असतो आणि काही रात्री नसतो. आता २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाखांच्या या राज्यात प्रत्येक उपशाखेची चार-चार माणसं ठेवली, तर दुर्मीळ शस्त्रक्रिया प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून बोटांवर मोजण्याइतक्या येतील, आणि त्यांचाही हात बसणार नाही. लहान राज्याला या दोन काठ्यांमधूनच चालावं लागतं.

यापेक्षाही कमी बोललं जाणारं नुकसान शिक्षणात आहे. कॉलेजात नवा सुपरस्पेशालिटी विभाग उघडला की मुतखडे युरोलॉजीकडे, भाजलेले प्लास्टिककडे, मुलांचा हर्निया पीडियाट्रिक सर्जरीकडे, धमन्या व्हॅस्क्युलरकडे जातात. त्या त्या रुग्णाचं भलंच होतं. पण एमएसचा निवासी तीन वर्षं ते हात न लावता बाहेर पडतो, आणि रात्री ८.३५ ला तालुक्यात उभा असतो तोच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या शस्त्रक्रियाविषयक आयोगाने २०१५ साली तालुका पातळीवरच्या रुग्णालयाची कसोटी तीन शस्त्रक्रियांवर लावली: सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या फ्रॅक्चरवर उपचार, तेही दोन तासांच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी. यातली एकही सुपरस्पेशालिटी नाही.

मोझांबिकने १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रिया शिकवून जिल्ह्यांत बसवलं. गोव्याला हे नवखं वाटू नये. १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या एस्कोला मेडिको-सिरूर्जिका या वैद्यकीय विद्यालयाचे कितीतरी पदवीधर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत जाऊन एकट्याने सगळंच बघत असत. आज कुणी ती व्यवस्था परत आणा म्हणणार नाही. पण एमएसच्या लॉगबुकात व्हॅस्क्युलर विभागातले दोन महिने, स्वतः केलेल्या पाच फॅसिओटॉमी आणि शवावर किंवा बकऱ्याच्या पायावर केलेले तीन शंट मोजून मागायला काय हरकत आहे? आमच्या मते ही जबाबदारी एमसीएच विभागाची आहे, जनरल सर्जरीची नव्हे. ज्याने काम नेलं त्याने शिकवावं. जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची नेमणूक त्यासाठी चांगली जागा आहे. आज तिथे बरेचदा ओपीडी उरकली जाते.

हृदयविकाराच्या झटक्यात गोव्याने हे करून दाखवलं आहे. तालुक्यात ईसीजी, तो पाहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून (गोमेकॉ) सल्ला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच, आणि अँजिओ बांबोळीला. पायाच्या धमनीत इंजेक्शनच्या जागी शंट, एवढाच फरक.

कायद्याची भीती हा उरलेला अडथळा. 'व्हॅस्क्युलर सर्जन नसताना हात का घातला?' सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा निकालात तातडीचा उपचार सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य ठरवलं, आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात मापदंड सर्वसाधारण कुशल डॉक्टरचा धरला, सर्वोच्च तज्ज्ञाचा नव्हे. तरी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: फोनची वेळ, समोरच्याने दिलेला सल्ला, आणि पाठवलं असतं तर किती तास गेले असते. या प्रकरणात तिसरी गोष्ट लिहिलेली नव्हती.

डबा

त्या रुग्णालयाने नंतर ओटीत एक निर्जंतुक डबा ठेवला: १०, १२, १४ फ्रेंचचे सक्शन कॅथेटर, चार बुलडॉग क्लॅम्प, सिलिकॉनच्या पट्ट्या, ३ आणि ४ नंबरचे फोगार्टी, ५-० आणि ६-० प्रोलीन, १ मिलीच्या सिरिंजा. हेपरिन फ्रिजशेजारच्या कपाटात, डॉपलर चार्जरसकट. बिघडतात त्या नेहमी दोनच गोष्टी: डॉपलरची बॅटरी, आणि फोगार्टीचा फुगा, जो मुदत उलटली की पहिल्याच फुंकरीला फुटतो. झाकणावर आतून कागद चिकटवलाय, चार कप्प्यांचं चित्र, खोल कप्प्याभोवती लाल शाई.

सहा महिन्यांनी तो तरुण चालतो, पाऊल लोंबतं म्हणून प्लास्टिकचा स्प्लिंट घालून. बागेच्या उतारावर तो घसरतो, म्हणून त्याला टेंडन ट्रान्सफर हवी आहे. त्यासाठी टिबियालिस पोस्टिरियरचं टेंडन पुढे आणतात, आणि हा स्नायू नेमका त्या खोल कप्प्यातला. ताकद पाचपैकी किमान चार लागते, कारण जागा बदलली की एक अंक कमी होतो. फिजिओथेरपिस्टच्या वहीत शेवटची नोंद तीन अधिक आहे. पुढची तारीख मार्चची.